एका लोकोत दोन इंजिनं आणि ७२ पिस्टन : २८ सेंटिमीटरच्या मॉडेलमागचं खरं ‘डेल्टिक’

टेबलावर एक हिरवं डिझेल लोकोमोटिव्ह उभं आहे. लांबी जेमतेम २८ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी कमीच. मोबाइलवरचं बटण दाबलं की आतून घरघर येते, एक इंजिन सुरू होतं आणि जरा स्थिरावतं. मग काही सेकंदांनी पुन्हा तीच घरघर. दुसरं इंजिन सुरू होतं. दोघांचा सूर एकमेकांत मिसळतो आणि एक जाडसर, सलग घुमणारा आवाज खोलीत भरतो. आपल्या ओळखीच्या डिझेलसारखी धडधड त्यात नसते.

नवख्या माणसाला वाटेल की, मॉडेल बनवणाऱ्यांनी चुकून आवाज दोनदा भरला. पण चूक काहीच नाही. खऱ्या लोकोतही इंजिन दोनदाच सुरू व्हायचं, कारण आत इंजिनंच दोन होती.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. मराठीत आपण गाडी ओढणाऱ्या अख्ख्या यंत्रालाच ‘इंजिन’ म्हणतो. या लेखात तसं म्हटलं तर सगळा गोंधळ होईल. म्हणून अख्ख्या यंत्राला लोको म्हणू आणि त्याच्या पोटात डिझेल जाळणारं जे असतं त्याला इंजिन.

तर या लोकोचं नाव ‘डेल्टिक’. ब्रिटिश रेल्वेने असे फक्त २२ लोको घेतले. ते २० वर्षं धावले आणि १९८२ च्या दुसऱ्याच दिवशी त्यांची निरोपाची गाडी निघाली. तरीही ब्रिटनमध्ये मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या गेली ६० वर्षं पुन्हा पुन्हा याच लोकोकडे वळत आल्या आहेत. हे का, ते कळायला आधी खऱ्या डेल्टिकच्या पोटात डोकवावं लागतं.

रेल्वेसाठी नव्हे, बोटीसाठी

हे इंजिन मुळात रेल्वेसाठी बनलंच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या वेगवान छोट्या बोटी पेट्रोलवर चालायच्या. गोळी लागली की पेट्रोल पेटायचं आणि बोटीवरच्या माणसांना पळायलाही वेळ मिळायचा नाही. डिझेल इतक्या सहज पेट घेत नाही. पण त्या काळची डिझेल इंजिनं एवढी अवजड होती की, बोटीत बसवली तर वेगच संपणार. म्हणून नौदलाला हलकं, आटोपशीर आणि तरीही दणकट ताकदीचं डिझेल इंजिन हवं होतं. हे काम मिळालं नेपियर या कंपनीला. नेपियर तेव्हा ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ या मोठ्या उद्योगाच्या मालकीची झालेली होती. पुढे हाच धागा रेल्वेपर्यंत पोहोचला.

त्रिकोणाची भानगड

साध्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये एक पिस्टन असतो. वरून झाकण, त्यात व्हॉल्व्ह. नेपियरने झाकण आणि व्हॉल्व्ह दोन्ही काढून टाकले. एकाच सिलिंडरमध्ये दोन्ही टोकांकडून समोरासमोर दोन पिस्टन बसवले. ते एकमेकांकडे धावत येतात, मधली हवा दाबली जाते, तिथे डिझेल फवारलं जातं, भडका उडतो आणि दोघं पुन्हा लांब फेकले जातात. हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला सिलिंडरच्या भिंतीतच भोकं ठेवलेली असतात. पिस्टन पुढे-मागे सरकतात तशी ती उघडतात आणि झाकली जातात.

अशी इंजिनं जर्मनीत युंकर्स कंपनीने आधीच विमानांसाठी केली होती. नेपियरने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. असे तीन सिलिंडर घेतले आणि त्यांचा त्रिकोण केला. त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यात एक क्रँकशाफ्ट. एका क्रँकशाफ्टवर दोन बाजूंच्या सिलिंडरमधले पिस्टन काम करणार. त्यामुळे सहा पिस्टनांना तीन क्रँकशाफ्ट पुरतात आणि जागा वाचते. त्रिकोणाचं टोक खाली असल्याने तो उलट्या ग्रीक ‘डेल्टा’ अक्षरासारखा दिसतो. नाव तिथूनच आलं.

कागदावर हे झकास दिसत होतं, पण गणित जुळत नव्हतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये धूर सोडणारा पिस्टन हवा घेणाऱ्या पिस्टनच्या किंचित पुढे असायला हवा. तिन्ही क्रँकशाफ्ट एकाच दिशेने फिरवले तर दोन सिलिंडर नीट चालायचे आणि तिसऱ्यात घोळ व्हायचा. नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवर्डेन या ड्राफ्ट्समनने उपाय सुचवला : तीनपैकी एक क्रँकशाफ्ट उलटा फिरवा. बस्स. तिघांना गिअरने जोडलं आणि कोडं सुटलं.

असे सहा त्रिकोण एकामागे एक लावले की एक इंजिन तयार. १८ सिलिंडर, ३६ पिस्टन. लोकोत अशी दोन इंजिनं, म्हणजे ७२ पिस्टन! प्रत्येक इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर १६५० हॉर्सपॉवर द्यायचं. एकूण ३३०० हॉर्सपॉवर.

हा आकडा किती मोठा होता, ते तेव्हाच्या इतर लोकोंकडे पाहून समजतं. इंग्लिश इलेक्ट्रिकचाच दुसरा लोको, ज्याला पुढे ‘क्लास ४०’ म्हणू लागले, १३३ टनांचा होता आणि त्याची ताकद होती २००० हॉर्सपॉवर. डेल्टिक साधारण १०० टनांचा. आपल्याकडे १९६२ पासून आलेला आणि पुढची कित्येक दशकं देशभर गाड्या ओढणारा ‘डब्ल्यूडीएम-२’ हा लोको ११२.८ टनांचा आणि २६०० हॉर्सपॉवरचा. म्हणजे डेल्टिक दोघांपेक्षा हलका आणि दोघांपेक्षा ताकदवान होता.

निळा लोको आणि २२ भावंडं

पहिला डेल्टिक १९५५ मध्ये प्रेस्टनच्या कारखान्यातून बाहेर पडला. तो रेल्वेने मागवलेला नव्हता. इंग्लिश इलेक्ट्रिकने स्वतःच्या पैशाने, नमुना म्हणून बनवला होता. परदेशातूनही ऑर्डर मिळेल अशी आशा होती. फिकट निळा रंग, नाकावर मांजराच्या मिशांसारखे पट्टे आणि अंगावर मोठ्या अक्षरांत ‘डेल्टिक’. काळ्या-हिरव्या वाफेच्या इंजिनांच्या गर्दीत हा निळा पाहुणा चाचणीसाठी धावू लागला आणि रुळांशेजारी वह्या घेऊन उभी राहणारी पोरं वेडी झाली.

परदेशी ऑर्डर काही आली नाही. पण लंडन ते एडिनबरा या मार्गाचं विद्युतीकरण लांबणीवर पडलं होतं आणि तिथल्या रेल्वे अधिकाऱ्यांना ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर वेगाने धावणारं काहीतरी हवंच होतं. त्यांनी २२ डेल्टिक मागवले. हे २२ लोको वाफेच्या ५५ इंजिनांची जागा घेणार होते. १९६१-६२ मध्ये ते आले आणि १९६२ च्या वेळापत्रकात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ने लंडन ते एडिनबरा हे ६३२ किलोमीटरचं अंतर सहा तासांत कापायला सुरुवात केली.

लंडनच्या शेडमधल्या आठ डेल्टिकना शर्यती जिंकलेल्या घोड्यांची नावं मिळाली आणि इतरांना लष्करी रेजिमेंटची. यातल्या एका घोड्याचा मालक पुणेकरांच्या ओळखीचा निघतो. ‘ट्युलियार’ हा घोडा १९५२ ची डर्बी जिंकला, तो होता तिसऱ्या आगाखानांचा. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तेच.

कारखान्याचा धागा तर याहून जुना आहे. हे २२ लोको न्यूटन-ली-विलोज गावातल्या ‘व्हल्कन फाउंड्री’त बनले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी आठवते? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली वाफेची इंजिनं याच व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. भोर घाटात मालगाड्या चढवणारे, ‘खेकडा’ म्हणून ओळखले जाणारे विजेचे लोकोही बरेचसे इथलेच. ठाण्याची पहिली गाडी आणि डेल्टिक यांच्यात १०० वर्षांहून जास्त अंतर असलं तरी जन्मगाव एकच.

डेल्टिकचं सगळंच छान होतं असं मात्र नाही. बोटीत इंजिन बराच वेळ एकाच गतीने चालतं. रेल्वेत सतत वेग कमी-जास्त, थांबा, पुन्हा सुटा. या हलक्या, वेगवान इंजिनाला ते झेपायचं नाही. बिघाड झाला की ते जागेवर दुरुस्त करणंही अवघड, कारण ३६ पिस्टनांच्या त्या गुंत्यात हात घालणार कुठे? म्हणून उपाय असा काढला की, अख्खं इंजिन क्रेनने उचलायचं, त्या जागी तयार ठेवलेलं दुसरं बसवायचं आणि लोको पुन्हा कामावर पाठवायचा. उचललेल्या इंजिनाची दुरुस्ती मागे निवांत होत राहायची. हे चाललं छान, पण स्वस्त नव्हतं.

आणि धूर! स्टेशनात उभं असताना इंजिनातलं थोडं वंगण तेल धुराच्या वाटेवर साचत राहायचं. गाडी सुटताना पूर्ण जोर लावला की ते जळायचं आणि निळसर-पांढऱ्या धुराचा प्रचंड लोट उठून अख्खा फलाट दिसेनासा व्हायचा. प्रवाशांना याचा वैताग यायचा. डेल्टिकप्रेमी त्या धुराचे फोटो आजही जपून ठेवतात.

‘डिटेल’ म्हणजे नेमकं काय?

आता पुन्हा टेबलाकडे येऊ.

डेल्टिकचं मॉडेल काही आजचं नाही. खरा लोको रुळांवर येत होता त्याच सुमारास, १९६१ मध्ये, ‘हॉर्नबी-डब्लो’ने त्याचं मॉडेल बाजारात आणलं. ते खेळणं होतं आणि खेळण्यासारखंच दणकट होतं. जमिनीवर पडलं तरी बिचारं चालायचं. त्यानंतर इटलीच्या ‘लिमा’ने केलं, मग ‘बाखमन’ने आणि अलीकडे आयर्लंडच्या ‘अ‍ॅक्युरास्केल’ने. ही सगळी मॉडेल शेजारी-शेजारी ठेवली तर साठ वर्षांत ग्राहकाची नजर किती तीक्ष्ण होत गेली ते कळतं. जुन्या मॉडेलवर जाळी म्हणजे प्लास्टिकवर उठवलेल्या रेघा असत. आता ती खरीखुरी जाळी असते. रसायनाने धातूचा पातळ पत्रा कोरून बनवलेली. तिच्यातून खाली पाहिलं तर पंख्याची पाती दिसतात.

पण खरी कसोटी वेगळीच आहे. ‘डेल्टिक’ असं एकच रूप कधी नव्हतंच. १९६१ चा डेल्टिक दोन छटांच्या हिरव्या रंगात होता. मग लांबून दिसावा म्हणून नाकावर पिवळा चौकोन आला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो निळा झाला आणि अख्खं नाक पिवळं झालं. १९७० च्या दशकात नंबर बदलले. आधी नाकावरच्या खिडकीत गाडीचा चार अक्षरी संकेत दिसायचा. तो वापर बंद झाल्यावर ती जागा झाकून तिथे दोन पांढरे दिवे आले. दरम्यान डबे गरम ठेवण्याची आणि ब्रेकची पद्धत बदलली, तसे पुढचे पाइप आणि जोडण्याही बदलल्या. अखेरच्या काळात लंडनच्या शेडने आपल्या डेल्टिकच्या केबिनच्या खिडक्यांभोवती पांढरा रंग दिला, फक्त आपले लोको उठून दिसावेत म्हणून.

म्हणजे मॉडेल बनवणाऱ्याला ‘कोणता डेल्टिक?’ एवढं विचारून भागत नाही. ‘कोणत्या वर्षीचा?’ हेही विचारावं लागतं. १९६२ च्या हिरव्या रंगावर १९७४ चा नंबर आला की जाणकार तो फोटो पाहून लगेच पकडतात. बरं, यातही फसायला होतं. १९८० मध्ये एक डेल्टिक पुन्हा जुन्या हिरव्या रंगात रंगवला गेला, पण नंबर नवा, नाकावर दिवे नवे! एखाद्याने ‘चूक’ म्हणून बोट ठेवावं आणि फोटो दाखवल्यावर गप्प बसावं, असा हा प्रकार.

हे सगळं शोधायचं कसं? जुने कारखान्याचे आराखडे असतात, पण आराखडा म्हणजे जे बनवायचं ठरलं होतं ते. प्रत्यक्षात काय बनलं आणि पुढे काय बदललं, ते आराखडा सांगत नाही. म्हणून हजारो फोटो तारखेनुसार लावले जातात. जपलेल्या खऱ्या लोकोची मोजमापं घेतली जातात, आता तर लेझर स्कॅनिंगही होतं. मग संगणकावर आराखडा, त्यावरून पोलादी साचे आणि साच्यांतून प्लास्टिकचे भाग. साचा हाच सगळ्यात महाग भाग. त्यामुळे एकाच साच्यात वेगवेगळे तुकडे बदलून हिरवा, निळा, दिवेवाला, खिडकीवाला अशी अनेक रूपं काढली जातात. बारीक दांडे, पावदान, पाइप मात्र चीनमधल्या कारखान्यांत कामगार एकेक करून हाताने बसवतात. हल्ली अशा मॉडेलची किंमत १५० पौंडांच्या वर जाते, आवाजासह २०० पौंडांच्या पुढे. ती बघून डोळे पांढरे होतात. पण किमतीतला मोठा वाटा या हातांच्या कामाचा आहे.

इतकी बारकाई, आणि रूळच चुकीचे!

आता यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट. पावदानाच्या जाडीवरून वाद घालणारा हा छंद ब्रिटनमध्ये चक्क चुकीच्या रुंदीच्या रुळांवर चालतो.

जगात बहुतेक ठिकाणी लोकप्रिय असलेलं प्रमाण आहे ‘एचओ’, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याएवढं. खऱ्या रुळांमधलं १४३५ मिलिमीटर अंतर त्यात साडेसोळा मिलिमीटर होतं. हिशेब बरोबर. पण ब्रिटिश लोको अमेरिकी किंवा युरोपीय लोकोंपेक्षा अंगाने लहान, कारण तिथले बोगदे आणि पूल अरुंद. १९३० च्या दशकातल्या मोटरी ८७ व्या हिश्श्याच्या ब्रिटिश लोकोत मावेनात. मग तोडगा निघाला : लोको थोडा मोठा करा, ७६ व्या हिश्श्याएवढा, आणि रूळ आहेत तेच राहू द्या. या प्रमाणाला ‘ओओ’ म्हणतात.

परिणाम असा की, ओओचे रूळ खऱ्या मापात धरले तर त्यांच्यातलं अंतर साधारण १२५७ मिलिमीटर भरतं. जवळपास १८ सेंटिमीटर कमी! समोरून पाहिलं तर लोको आखूड चड्डी घातल्यासारखा दिसतो. काही हट्टी मंडळी स्वतः १८.८३ मिलिमीटरचे रूळ घालून चाकं बदलतात. पण बाजारातली सगळी गाडी साडेसोळावरच धावते, कारण इतकी वर्षं लोकांनी घेतलेले रूळ, डबे आणि लोको फेकून कोण देणार?

वळणाचीही तीच कथा. घरातल्या टेबलावर ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण सर्रास असतं. खऱ्या मापात ते ३३ मीटर झालं. मुख्य मार्गावर धावणाऱ्या खऱ्या लोकोला इतकं तीव्र वळण कधीच भेटत नाही. मॉडेलच्या बोगीला मात्र ते घ्यावं लागतं. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांची फिरती चौकट.) डेल्टिकच्या प्रत्येक बोगीला तीन-तीन आस आहेत. बोगी पूर्ण वळली की शेजारची पावदानं आणि पाइप मध्ये येतात. म्हणून काही भाग पिशवीत वेगळे दिलेले असतात. लोको काचेच्या कपाटात ठेवायचा असेल तर लावा, टेबलावर पळवायचा असेल तर नका लावू.

वजनाचं उलटं गणित

जुन्या मॉडेलमध्ये एका बोगीतच चपटी मोटर असायची आणि चाकांना रबरी पट्टी, म्हणजे घसरू नयेत. आता मोटर मध्यभागी असते, दोन्ही टोकांना जड चकत्या आणि तिथून दांड्यांवाटे दोन्ही बोगींना गती. त्या चकत्या फिरत राहिल्याने लोको झटक्याने थांबत नाही, हळुवार थांबतो.

वजनाचा हिशेब मात्र गमतीचा. १०० टनांचा लोको ७६ पट लहान केला तर वजन किती व्हावं? लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७६ पट कमी, म्हणजे वजन साडेचार लाख पटींच्या आसपास कमी. उत्तर येतं साधारण २३० ग्रॅम. मोबाइलपेक्षा थोडंसं जास्त. इतक्या हलक्या लोकोची चाकं आठ-दहा डबे ओढताना जागच्या जागी गरगर फिरतील. म्हणून आत जड धातूचा सांगाडा भरतात आणि चांगल्या मॉडेलचं वजन या आकड्याच्या दुप्पट किंवा अधिक होतं. ज्या डेल्टिकचा सगळा मोठेपणा हलकेपणात होता, त्याचं मॉडेल मुद्दाम जड करावं लागतं.

वेगाचं गणित सोपं आहे. ताशी १६० किलोमीटर म्हणजे टेबलावर सेकंदाला ५९ सेंटिमीटर. लहान मुलं याच्या दुप्पट वेगाने पळवतात, ते सोडा.

आवाज कुठून येतो?

पूर्वी रुळांतून येणारा वीजदाब वाढवला की लोको पळायचा, कमी केला की थांबायचा. एका रुळावर दोन लोको असले तर दोघंही पळायचे. १९९० च्या दशकात डिजिटल पद्धतीचं प्रमाणीकरण झालं. आता रुळांत वीज कायम असते आणि तिच्यासोबत आदेशही जातात. प्रत्येक लोकोत एक छोटी चिप असते, तिला स्वतःचा नंबर असतो आणि ती फक्त आपलाच आदेश ऐकते. दिवे, हॉर्न, पंखे, इंजिनाचा आवाज, सगळं वेगवेगळं चालू-बंद होतं.

चिपमधला आवाज खऱ्या डेल्टिकजवळ मायक्रोफोन ठेवून घेतलेला असतो. एक इंजिन सुरू होताना, दोन्ही चालताना, जोर लावताना, थंड होताना. मग चाकांच्या गतीनुसार ते तुकडे जोडले जातात. सुरुवातीला टेबलावर जी दोनदा घरघर ऐकली ती अशी आली.

यासाठी खरा लोको जिवंत असावा लागतो, आणि इथेच सगळा पेच आहे. २२ पैकी १६ डेल्टिक डॉनकास्टरच्या त्याच कारखान्यात तोडले गेले, जिथे त्यांची देखभाल व्हायची. सहा वाचले, शिवाय १९५५ चा तो निळा नमुना लोको संग्रहालयात आहे. सहापैकी एक राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने घेतला. बाकीचे वाचले ते चाहत्यांनी पैसे जमवून विकत घेतले म्हणून. ‘डेल्टिक प्रिझर्व्हेशन सोसायटी’ ही संस्था १९७७ मध्ये, डेल्टिक अजून धावत असतानाच स्थापन झाली. आज तिच्याकडे तीन लोको आहेत, ‘ट्युलियार’ त्यातलाच.

धाकट्या भावंडांचं नशीब एवढं बरं नव्हतं. नेपियरच्याच नऊ सिलिंडरच्या एका इंजिनावर चालणारे दहा छोटे लोको बनले होते. लोक त्यांना ‘बेबी डेल्टिक’ म्हणत. ते सतत बिघडायचे. दहाच्या दहा भंगारात गेले. ब्रिटनचा मुख्य मार्गावरचा पहिला डिझेल लोको, १९४७ चा १०००० क्रमांकाचा, तोही तोडला गेला. आज या दोन्हींची सुरेख मॉडेल मिळतात. पण ती बनवताना मोजायला खरा लोको नव्हता. आराखडे आणि फोटो यांवरच सगळं उभं राहिलं. फोटोत छप्पर क्वचितच दिसतं, कारण फोटो काढणारी पोरं फलाटावर उभी असायची. अशा लोकोच्या आवाजासाठी तर जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या इंजिनावर भागवावं लागतं.

आपल्याकडचं काय?

हाच प्रश्न भारतातही दारात उभा आहे. अमेरिकेच्या ‘अल्को’ कंपनीच्या रचनेवरचे ‘डब्ल्यूडीएम-२’ वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागले. कल्याण आणि पुण्याच्या डिझेल शेडमधल्या अशाच लोकोंनी महाराष्ट्राच्या किती पिढ्यांना गावी नेलं-आणलं. त्यांचा तो थांबून थांबून येणारा ‘भुक् भुक्’ आवाज आणि काळा धूर आठवणारे आज चाळिशीच्या पुढचे आहेत. विद्युतीकरणाच्या लाटेत ते भराभर मोडीत निघाले. वाराणसीच्या ‘डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स’च्या नावातून ‘डिझेल’ हा शब्दही २०२० मध्ये गेला.

मॉडेल करणारे भारतीय हौशी लोक आहेत, पण त्यांच्यासमोरही रुळांची अडचण आहे आणि ती ब्रिटिशांपेक्षा मोठी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ व्या हिश्श्यात ती १९ मिलिमीटरच्या वर जाते. बाजारात मिळतात साडेसोळाचे रूळ. त्यामुळे डब्ल्यूडीएम-२ चं मॉडेल कितीही हुबेहूब केलं तरी चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. डोळ्यांना सवय झाली की चालतं, असं म्हणून लोक पुढे जातात.

हे जग प्रत्यक्ष पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे सांधे, सिग्नल आणि घाट असलेल्या एका छोट्या शहरात गाड्या धावतात.

आणि खरा डेल्टिक? जपलेल्या लोकोंपुढची सगळ्यात मोठी चिंता म्हणजे इंजिनं. ती आता कुणी बनवत नाही, त्यामुळे जिथे मिळतील तिथून शोधून आणावी लागतात. ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’ या डेल्टिकला तर नौदलाच्या जुन्या बोटीतलं इंजिन आणून, त्यात बदल करून बसवावं लागलं.